शेवरीची छाटणी

आबा, तुमचा अणदूरचा पानमळा मी पुन्हा उभा केला आहे. तीच जागा, तशीच वेलींना आधार आणि सावली देणारी शेवरी.

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी घरी आले होते, तो उन्हाळा आठवतो. तुम्ही सोयरिकीच्या बैठकीला उमरग्याला गेलात आणि मी मळ्यात शिरले. ऊन म्हणजे झाडाचं अन्न, एवढं मला पाठ होतं. गड्यांना सांगून ऐन वैशाखात शेवरीचे शेंडे उतरवले. तुम्ही परतलात तोवर पानं करपून पापडासारखी झाली होती. अजून दिसतं, तुम्ही बांधावर उभे आहात, एक पान मुठीत चुरताय. "कालेजात ऊनच शिकवत्यात व्हय? सावली कुणी शिकवायची?" मग दोन दिवस तुम्ही वेलींवर सावली धरायला तुराट्यांचे तट्टे बांधत होता आणि मी खालून सुतळी देत होते. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "वैशाखात झाकायचं, मृगात उघडायचं. सावली ठिवायची बी आसती अन् काढायची बी."

धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, "अक्का, लई पाणी पितोय ह्यो मळा. मोड, हरभरा पेरू." दसऱ्यापर्यंत पान बाजारात गेलं नाही तर मीच मोडीन, असं मी त्याला सांगून टाकलं आहे. उन्हाळ्यात एक पान करपू दिलं नाही. पण मृग लागून पंधरा दिवस झाले आणि शेवरी अजून गच्च आहे. वेली उजेडासाठी नुसत्या लांबतायत, पानं बोटभर, खालची ओल सुकत नाही. कामावरची बाई रोज विचारते, "शेंडे कवा उतरायचे, बाई? का वेलींना जल्मभर पदराखालीच ठिवायचं?" मी तिला दटावते, "उद्या." टाळाटाळ करणाऱ्यांना आयुष्यभर धारेवर धरलेली मी.

आता बास. सकाळी मी स्वतः कोयता घेऊन जाणार. आधी निम्मे शेंडे, पानं उन्हाला सरावली की उरलेले.

पाऊस उघडीप देत नाही म्हणून छाटणी राहिली, असं मी धाकट्याला फोनवर सांगितलं आहे. आबा, ती सकाळ उलटून चार दिवस झाले, इथं थेंबही पडलेला नाही.