देव्हाऱ्यात जागा आहे

कळंब, रविवार संध्याकाळ

येशूच्या मागे जायचं म्हणजे बाकीचं किती सोडायचं? मला खरंच सांगता येत नाही. कॉलेजातली रूथ म्हणाली होती, "ये त्याच्या मागे," आणि मी मनातून हो म्हटलं होतं. आज धीर करून आईला सांगितलं. वाटलं, रडेल, ओरडेल. ती हसली.

"एवढंच व्हय? घरातली पयली इंजिनेर, तरी येडीच! आण की फोटू. गणपतीशेजारी जागा हाय." लगेच देव्हारा पुसायला घेतला.

गणपतीशेजारी! ओरडली असती तर भांडता आलं असतं. या मायेतून बाहेर कसं पडू?

शेवटी सांगून टाकलं, "आई, उद्या चतुर्थीला मी ओझरच्या गणपतीला येणार नाही. उपासही धरणार नाही."

तेव्हा ती हसायची थांबली.