माझ्या निबंधाचं खंडन

९ जानेवारी

आकडा पुन्हा चढला! माझ्या पाणथळीवरच्या निबंधाचा संदर्भ किती जणांनी दिला, तो. विभागप्रमुख स्टाफरूममध्ये ओरडूनच सांगत होते — ‘पर्यावरणाच्या इतिहासाला कोण विचारतं म्हणायचे! मॅडमनी नाक वर केलं की नाही आपलं?’ टाळ्या वाजल्या. मीही हसले.

घरी येऊन पाहिलं, संदर्भ देणारे आहेत तरी कोण. निम्मे पाणथळ बुजवायला निघालेल्या भराव कंपनीचे अहवाल, उरलेले त्या अहवालांवर बेतलेले लेख. सगळ्यांनी एकच वाक्य उचललंय — ‘ही पाणथळ नैसर्गिक नाही, जुना बांध घातल्यामुळे ती तयार झाली.’ त्याच्या पुढचं वाक्य, की नंतर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ती जपली आणि तिनं माणसांना, ते कुणीच घेतलं नाही. नैसर्गिक नाही म्हणजे संरक्षण नाही. म्हणजे खुशाल बुजवा! कोर्टात हेच चाललंय.

१० जानेवारी

प्रत्युत्तर लिहायला बसले. पण त्यातही माझ्याच निबंधाचा संदर्भ द्यावा लागणार — म्हणजे आकडा आणखी वर. बंद केलं.

१४ जानेवारी

चिमणी आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पाणथळ वाचवणाऱ्या समितीत. नेहमीची किलबिल नाही, बसल्या बसल्या मुद्द्यालाच हात.

‘मॅडम, कोर्टात एकदा म्हणा ना, चुकले म्हणून.’

‘पण चुकले नाही गं.’

‘तुम्ही बरोबर असण्यानं आमचं वाटोळं होतंय, त्याचं काय?’

चहा तसाच टाकून गेली. खालच्या वस्तीत तिचे आईवडील राहतात. पाणथळ बुजली की पाणी त्या घरांत शिरणार. हे वर्गात मीच शिकवलं होतं.

नवरा म्हणतो, ‘अगं, एक शब्द तर आहे, गिळून टाक.’ गिळता आलं असतं तर याच्याशी इतकी वर्षं भांडले असते का!

२ फेब्रुवारी

एका संशोधनपत्रिकेकडून परीक्षणासाठी निबंध आला. लेखकाचं नाव झाकलेलं, परीक्षकाचंही झाकलेलं राहणार. विषय — माझ्या निबंधाचं खंडन! दुसऱ्याच परिच्छेदात ओळखलं. दर चार ओळींनी ‘खरं पाहता’ म्हणायची खोड चिमणीचीच.

संपादकांना लगेच कळवलं, लेखिका बहुधा ओळखीची आहे, शिवाय खंडन माझंच आहे, दुसरं कुणी बघा. उत्तर आलं — ‘या विषयात दुसरं आहे कोण? तुमच्या सचोटीवर आमचा पूर्ण विश्वास आहे.’

३ फेब्रुवारी

सुरेख लिहिलाय. आणि चूक आहे.

सगळा डोलारा एका जुन्या नकाशावर. त्यावर बांध घालण्याआधीचं साल, आणि पाणथळ दाखवलेली. म्हणजे पाणथळ आधीपासूनचीच! पण कोपऱ्यातलं साल मूळ मोजणीचं. नकाशा नंतर केव्हातरी दुरुस्त करून पुन्हा छापला, साल तेवढं जुनंच राहिलं. पाणथळीच्या कडेनं बारीक काळी रेघ गेलीय ना — तो बांधच की! त्याच नकाशात!

५ फेब्रुवारी

नाकारला तर मी खरी, पाणथळ गेली, आणि कोर्टाच्या निकालपत्रात माझं नाव. बढतीला त्याचे वेगळे गुण मिळतात, विभागप्रमुखांनी आधीच सांगून ठेवलंय. मंजूर केला तर धडधडीत चूक छापून येणार, पाणथळ कदाचित वाचणार. आणि खंडन म्हणजेसुद्धा संदर्भच! कसंही केलं तरी फायदा माझा. किळस येते.

८ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

९ फेब्रुवारी

परीक्षण पाठवलं. ‘पुराव्यांची छाननी काटेकोर. स्वीकारावा.’ काटेकोर — हा शब्द मी लिहिला. नकाशाबद्दल चकार शब्द नाही.

त्या वस्तीसाठी केलं? की बढतीची लाज वाटू नये म्हणून? की चिमणीनं पुन्हा माझ्याशी बोलावं म्हणून? दिवसभर स्वतःला विचारतेय. दर वेळी उत्तर वेगळं.

२० फेब्रुवारी

निबंध स्वीकारला गेला. समितीचे वकील पुढच्या सुनावणीत तो दाखल करणार म्हणे. विभागप्रमुखांच्या कानावर गेलंच — ‘मॅडम, वाद म्हणजे तर पर्वणी! आता दोन्हीकडचे लोक तुमचं नाव घेणार.’

हो. दोन्हीकडचे.

३ मार्च

चिमणीचा फोन. निबंध तिनं मागे घेतला. छापायला जाण्याआधी नकाशा मोठा करून पाहिला आणि बांध दिसला. रडत होती. ‘वकील भडकलेत, समितीत कुणी बोलत नाही माझ्याशी. बाबा तर जेवलेच नाहीत. पण कसा ठेवू, मॅडम? तुमच्या हाताखाली शिकलेय मी.’ मग नाक ओढत म्हणाली, ‘पण एवढी ढोबळ चूक! त्या परीक्षकानं निबंध वाचला तरी होता का हो?’

मी म्हटलं, ‘नसेल वाचला.’