पणजोबांच्या नावापुढे

३ जून
आलो एकदाचे! घर छोटं, पण ऊन भरपूर. सामान उतरायच्या आत चिमीने खिडकी बळकावली. पहिलीत जाणार म्हणून बाईसाहेबांचा तोरा काय वर्णावा. तिचे बाबा बोटीवर, म्हणजे सहा महिने आम्हा मायलेकींचंच राज्य. नोकरी मिळाली तीही माझ्या पणजोबांच्या गावात, दुधात साखर! सार्वजनिक ग्रंथालयात इथल्या घराण्यांचे जुने कागद आहेत म्हणे. वंशवृक्ष पुरा केल्याशिवाय गप्प बसणार नाही.

६ जून
ग्रंथालय लख्ख. जुनी वर्तमानपत्रं, जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळं खोक्यांत नीट लावलेलं. ग्रंथपालबाई फार गोड बोलतात. पणजोबा सापडले! नावापुढे शेरा: ‘निर्वंश’. मला हसू आवरेना. मग मी काय आभाळातून पडले? तिथेच वंशवृक्ष काढून बाईंच्या हातात दिला. पणजोबा, आजोबा, बाबा, हे तिघे आता नाहीत; बाबांच्या खाली दादा आणि मी, माझ्याखाली चिमी. म्हटलं, ही चूक तेवढी दुरुस्त करा. बाई हसल्या नाहीत. दुरुस्त होईल, एवढंच म्हणाल्या.

९ जून
गावाचं काहीतरी बिनसलंय. वाणी मला बघून पाठ फिरवतो. घरमालकांनी विचारलं, अजून किती दिवस. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, की त्या माणसाला पोरबाळ नव्हतं, उगाच नातं चिकटवू नका. माझंही डोकं फिरलं. कागद दाखवते म्हटलं, तर माझ्या पायाशी थुंकली.

१२ जून
ग्रंथालयात शिरताच बाईंनी माझा हात हातात घेतला. दादाचं फार वाईट झालं म्हणाल्या. मला काही कळेना. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. दादा गच्चीवरून पडला. गेला.
टेबलावर माझा वंशवृक्ष होता. दादाच्या नावावर रेघ.

१३ जून
वहिनीकडे निघालो. बसवाल्याने चढू दिलं नाही. चौकीत जमादारांनी आधी विचारलं, पणजोबा कोण. सांगितलं, तर दार लावून घेतलं. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१४ जून
बाईंचे पाय धरले. म्हटलं, मी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली, माझ्याने कुठे वंश चालतो? ज्या बोलण्यावर जन्मभर चिडले, तेच पदर पसरून बोलले. बाईंनी मला उठवलं, डोळे पुसले. म्हणाल्या, की ते जुने विचार झाले. आमच्या ग्रंथालयात मुलीही धरतात.

१५ जून
फाटकाशी माणसं. वाणी, शेजारीण, घरमालक —
हे लिहितेय, म्हणजे चिमी होती एवढं तरी मागे राहील —
बाई पायरीवर आल्यात. मला नाही, तिला हाक मारताहेत. किती लाडाने —
कडी वर आहे. तिचा हात पोचत नाही. ती माझ्यामागे खाटेवर —
खाट रिकामी.
पुढच्या खोलीत स्टूल सरकवल्याचा आवा