क्रीडांगण हॉल्टवरचा बाक

६ जानेवारी

पोचलो एकदाचे! सिंदीच्या अलीकडं, तुरीच्या वावरात उभं केलेलं हे क्रीडांगण हॉल्ट. कबड्डीच्या मैदानासाठीच केलं, अन् सामने संपले की बंदही होणार. तोवर तिकिटं विकाचं काम मले भेटलं. बोरगाव मेघेहून सामान आणता आणता कंबर मोडली, पण मोनाली खूश. माझी पोरगी पकडीची पक्की. समोरच्याचा घोटा तिच्या हाती लागला का तो गेलाच समजा. मैदान दारात, मग तिले आणखी काय पाह्यजे? रात्री तुरीच्या शेंगा उकडल्या. गोड निघाल्या.

९ जानेवारी

पुलाच्या पायऱ्या चढताना जीव जातो. हा मेला दमा! मैदानाचे चौकीदार लक्ष्मणराव भले माणूस, बसवून चहा पाजतात. त्यांनी एकच गोष्ट बजावली, का संध्याकाळची पॅसेंजर गेली का फलाटाच्या पिवळ्या रेषेजवळ थांबजो नको. काऊन, तर म्हणे ठेसन उघडलं त्याच दिवशी पोरींची एक टीम उतरली, उशीर झाला म्हणून पूल सोडून रुळावरून पळाली, अन् मालगाडी आली. सातही गेल्या. पण म्हातारं माणूस, काहीतरी बोलणारच.

१४ जानेवारी

पलीकडच्या फलाटावर सात पोरी बाकावर बसून होत्या. लाल जर्सी, एका रांगेत. गाडी आली, गेली, एकही चढली नाई. मोनाली म्हणे, आई, बाद झालेले गडी असेच बसतात ना, पहिला बाद झालेला पहिला. मी तिच्यावर खेकसली अन् ओढतच घरात नेलं. मले भेव लागलं, लपवाचं काय त्यात.

१७ जानेवारी

लक्ष्मणरावांले खोदून विचारलं. म्हणे, त्यांचा सामना झालाच नाई, म्हणून अजून खेळतात. त्यातली एक जण कबड्डी कबड्डी बोलत पिवळ्या रेषेच्या आत येते. आपलं माणूस तिनं बाद केलं, का ते बाकाच्या टोकाले बसते, अन् बाकावरची पहिली उठून घरी जाते. अन् पकडाले तर जायचंच नाई. जित्याचा दम सुटतो, मेलेल्याचा कसा सुटन? मोनालीले माझ्या गळ्याची शपथ घातली. हो म्हणाली.

थकली मी. कधी बंद होते हे ठेसन.

२१ जानेवारी

उद्या शेवटची गाडी. सामान बांधत होती, गाठोडं फलाटावर आणलं, तर आवाज आला. कबड्डी कबड्डी— मोनाली दारातच होती. ती पोरगी रेषेच्या आत आली, पाय पुढं टाकला, अन् माझी लेक—

शपथ विसरली. हाताले सवय. झेपावून घोटा धरला, पक्का धरला. मी ओरडली, सोड, सोड वं! त्या पोरीचं बोलणं थांबलंच नाई. ओढत नेलं. रेषेपार.

२२ जानेवारी

बाकावर पुन्हा सातच. टोकाले मोनाली. तिच्या बदल्यात पहिली होती ती उठली, कपडे झटकले, पूल चढून घरी गेली. हसत. कोणाच्या घरी गेली असन—

लक्ष्मणराव रडून राह्यले. म्हणे, ठेसन बंद, खेळ बंद. मग बसली ती बसलीच.

नाई. आपण त्यांची एक मारली का आपली एक उठते. नियम नियम असते. एका दमात जायचं, शिवायचं, रेषेवर परत.

एका दमात. मले दहा पायऱ्या होत नाई.

गाडी गेली. शेवटची.

मोनाली मान हलवते. नको म्हणते. तिले माझा दम माहीत—

चूप बस, पोरी. माय आहो मी तुही.

रेषेवर उभी आहो. छाती भरून घेतली. आली मी, आली, एका दमा