कुटुंबाचं वाढलेलं उत्पन्न

चौसाळा

प्रिय शिवांजलीच्या बाबांना,

नऊ वर्षांनी ‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण दुसरा मायना मला येत नाही, आणि जो येतो तो पोस्टाच्या पाकिटात घालण्यासारखा नाही.

तुम्ही दुकानाचा माल आणायला सोलापूरला गेलात ते गेलातच. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, दवाखाने पालथे घातले, बेवारस प्रेतंसुद्धा पाहिली. दरवेळी चादर वर केली की ‘हे न्हाईत’ म्हणून मी महादेवाचे आभार मानले. ते आभार आता परत मागावेत का, कळत नाही.

तुमचं नाव बेपत्तांत लागलं, म्हणून सरकारनं शिवांजलीच्या संगोपनाला महिन्याचे थोडे पैसे लावून दिले. उशिरा यायचे, पण यायचे. त्या बाबतीत सरकार तुमच्यापेक्षा बरं निघालं. त्यात तिच्या वह्या आणि रिक्षा भागायची, बाकीचं मी पिको-फॉल आणि शिलाईवर ओढलं. तुमची आई परवाच्या उन्हाळ्यात गेली. माती द्यायला मुलगा नव्हता, म्हणून पहिली मूठ शेजारच्या केदारनाथनं टाकली. तो अजून दर सणाला त्याची आठवण करून देतो आणि फुकटात शर्ट शिवून नेतो.

गेल्या महिन्यात त्या पैशाच्या बीडच्या हपिसातून निरोप आला, तुमच्या कुटुंबाचं उत्पन्न वाढलंय, मुलीचे घेतलेले पैसे परत करा. मी गोठ्यात जाऊन म्हशीकडं बघितलं. पगारवाढ झाल्याचं तिच्या तोंडावर तरी दिसेना. मग बीड गाठलं. तिथला साहेब म्हणाला, “ताई, तुमच्या मालकाचा पगार लई वाढलाय की. आयकर भरतेत ते. रेशनकार्डावर नाव हाय तवर त्यांची कमाई तुमच्याच घरात धरणार.” मी विचारलं, “कोणते मालक?” त्याला वाटलं, बाई थट्टा करते. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. पुण्यातली कंपनी, तिचा पत्ता, तुमचं नाव, जन्मतारीख. आम्हाला न सापडलेला माणूस आयकरवाल्यांना दरसाल सापडत होता. मी तिथंच बाकावर बसले. साहेबानं पाणी दिलं. उन्हाचा त्रास म्हणाला, मीही हो म्हणाले.

रेशनकार्डावरून नाव कमी कर, असं सगळे सांगून थकले होते. मी ऐकलं नाही. अचानक दारात उभे राहिलात, तर जेवणाऱ्यांत तुम्ही मोजलेले असावेत, एवढंच मनात होतं. त्या मोजण्याची किंमत आता मलाच पडली. असो. परवा नाव काढायचा अर्ज दिला.

साहेब माणूस बरा. म्हणाला, “तुमी कावून भरताव? जबाब द्या, त्यांच्याकडून वसूल करू. फकस्त पोरगी मोठी झालीय, तिचाबी जबाब लागंल.” मी म्हटलं, चलन द्या. दोन मशिनींतली एक विकली आणि सगळे पैसे भरून टाकले. मशीन जुनी झाली होती, असं शिवांजलीला सांगितलं. ती हसून म्हणाली, “आई, तू काल तर तिला नवरीसारखी पुसत होतीस.”

तेव्हा हे पत्र पैशासाठी नाही, आणि परत या म्हणायलाही नाही. शिवांजली बारावी झाली. जूनमध्ये शिकायला पुण्याला येतेय. बाबा जिवंत असते तर चालत का होईना आले असते, असं ती सगळ्यांना सांगते, आणि तेवढ्या एका गोष्टीवर ती मोठी झालीय. बाप मेल्याचं दुःख तिनं पेललं. बापाला आपण नको होतो, हे तिला पेलणार नाही. तरी स्टँडवर एखादा उंच, डावा खांदा पाडून चालणारा माणूस दिसला, की बोलणं अर्धवट टाकून घाईनं पुढं जाऊन त्याचं तोंड बघून येते, आणि मग माझी नजर चुकवते. पुण्यातही बघेल. कधी रस्त्यात मागून कुणी ‘बाबा’ म्हणून हाक मारली, तर वळू नका. चालत राहा.

कधीकाळची तुमचीच,
प्रणिता