बुंदीचे पिशवीभर केस

नंदुरबार, मंगळवार संध्याकाळ

बुंदीच्या गळलेल्या केसांचे मी छोटे उंदीर वळते. वेडा छंद, पण माझा. माझी ही मांजर मात्र फणी दिसली की पलंगाखाली पळते. महिन्याभरात जेमतेम एका उंदरापुरते केस मिळतात. मला वाटायचं, हिचे केसच कमी गळतात.

आज ऑफिसातून येताना वरच्या मजल्यावरच्या काशीमावशींनी जिन्यात थांबवलं. गच्चीवर वाळलेल्या मिरच्या गोळा करून येत होत्या. माझ्या हातात एक पिशवी दिली.

"हाई ले वं पोरी, तुन्हा उंदीरसाठे. रोज दुपारले येस ती, मांडीवर झोपी जास. मंग मी फणी फिरावस."

पिशवी भरून केस! माझ्या मांजरीचे! आणि मी काय म्हणाले? "बरं झालं मावशी." डोंबलाचं बरं झालं!

एवढे केस निघायला किती दुपारी बसली असेल तिथे?

आत्ता फणी लपवली, मांडी घातली, पिशवी शेजारी ठेवून हाका मारल्या. बुंदी आली. पिशवी हुंगली, हुंगतच राहिली. मग दाराशी जाऊन ओरडायला लागली.