रुद्रेशची कांकणं

१२ मे, सोमवार
मेहुणा शिवदास म्हापशाहून आमच्याकडे कोरगावला आला. म्हापशातल्या मानसोपचार डॉक्टरांची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय म्हणाला. अर्थात माझ्या बायकोसाठी, सुविधासाठी. आमचा एकुलता रुद्रेश बाईकवरून पडून गेला त्याला वर्ष होत आलं, ती अजून सावरलेली नाही. मी सावरलो. नाव माझं घातलंय, ही शिवदासची चूक. सुधारायला सांगणार.

१३ मे, सकाळी
पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. सुविधा म्हणे, आज फक्त पाव घ्या. मी नेहमीप्रमाणे रुद्रेशची कांकणंही घेतली, बांगडीसारखे गोल, खरपूस पाव. त्याला चहाबरोबर कडकच लागत. रोजचं गिऱ्हाईक एकाएकी तुटलं तर पोदेराने भट्टीत किती घालावं? हे बायकोला समजावावं लागतं. कांकणं टिकतात. डबा भरला, दुसरा काढला.

१४ मे, दुपारी
अपॉइंटमेंटवरचं नाव बदलणार नाहीत. ठीक. जातो. पंपदुरुस्ती मी पुस्तकावरून शिकलो, वाइंडिंगचा एक वेढा चुकत नाही. नेटवर सगळं वाचून काढलं. झोप, भूक, आधीची औषधं, घराण्यात कोणाला काही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. उत्तरं तयार. झोप उत्तम. पहाटे तीनला जाग येते, पण ती शिस्त. शिवदास म्हणाला, भावोजी, ही लायसन्सची टेस्ट नव्हे, नापास करत नाहीत. त्यात तो स्वतः दोनदा नापास.

१५ मे, संध्याकाळी
डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. वायरी नाहीत, मशीन नाही. खुर्ची डुगडुगत होती, कुठला स्क्रू आवळायचा ते सांगितलं. झोप, भूक, सगळं बरोबर चाललं होतं. मग म्हणाली, काका, सकाळी उठल्यापासून काय काय करता? हे वाचण्यात नव्हतं, पण सोपं. आंघोळ, विहिरीचा पंप, पोदेर, पाव, रुद्रेशची कांकणं.
ती म्हणाली, कांकणं कोण खातं?
डब्याचं झाकण नीट बसत नाही, ते सांगू लागलो. शेजारी बसलेल्या सुविधाने माझा हात धरला. चारचौघांत तिने कधी धरला नव्हता. मुलीने घाई केली नाही. कागदी रुमालांचा बॉक्स पुढे सरकवला, सुविधासाठी असणार. निम्मा मीच संपवला.
पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय.

१६ मे, सकाळी
आज पोदेराला कांकणं बंद म्हणून सांगायचं ठरवलं होतं. पिशवी घेऊन गेलो. तो म्हणाला, काका, नेहमीचे? हो म्हणालो.
मग डब्यातलं तळाचं कांकण काढलं, चहात बुडवून मीच खाल्लं. सुविधानेही एक घेतलं. चवीला काही विशेष नाही. त्याला एवढं काय आवडायचं, विचारायचं राहून गेलं.